मेंदूचा नकाशा काढणारा डॉक्टर

माणसाचं मन संगणकात उतरवून ठेवता येईल का, हा प्रश्न आता विज्ञानकथांपुरता राहिलेला नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कंपनीने मेंदू रसायनांत जतन करून ठेवण्यासाठी लोकांकडून आगाऊ रक्कम घ्यायला सुरुवात केली होती. आज मेंदू जसाच्या तसा टिकवायचा आणि पुढे कधीतरी त्यातल्या जोडण्या वाचून तो माणूस संगणकात पुन्हा 'चालू' करायचा, अशी ती योजना. तिच्यावर बरीच टीका झाली. पण कल्पना मेलेली नाही. ओपीडीत आजोबांच्या स्मृतिभ्रंशाबद्दल बोलता बोलता एखादा तरुण नातेवाईक हल्ली हे हमखास विचारतो.

या कल्पनेच्या मुळाशी एक गृहीत आहे. माणूस म्हणजे त्याच्या मेंदूतल्या पेशींची जोडणी, आणि ती जोडणी हाती आली की माणूस हाती आला. मेंदूत सुट्या पेशी आहेत आणि त्या ठरावीक जागी एकमेकींना भेटतात, हेच मुळात १८८८ पर्यंत कुणाला नीट दिसलेलं नव्हतं. ते ज्याने दाखवलं तो एक स्पॅनिश डॉक्टर होता. पेशाने शरीररचनेचा प्राध्यापक, लष्करातून मलेरिया घेऊन परतलेला, घरात लेकरं आणि खिशात फारसं काही नाही असा. त्याचं नाव सांतियागो रामोन इ काहाल. रामोन हे वडिलांचं आडनाव, काहाल आईचं. स्पेनमध्ये दोन्ही लावतात. जगाने मात्र आईचंच लक्षात ठेवलं.

काहालचा जन्म १ मे १८५२ चा, उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यातला. वडील हुस्तो हे हट्टी गृहस्थ. न्हावी-शल्यवैद्याच्या हाताखाली काम करत करत, उपाशीतापाशी शिकून ते डॉक्टर झाले होते. मुलाने डॉक्टरच व्हायचं हे त्यांच्या लेखी ठरलेलं होतं. मुलाला मात्र चित्रं काढायची होती. कागद मिळेना तर भिंतीवर, दारावर, जिथे जागा दिसेल तिथे. त्याला खरंच कला आहे का हे ठरवण्यासाठी वडिलांनी गावात चर्चच्या भिंती रंगवायला आलेल्या एका रंगाऱ्याला त्याचं चित्र दाखवलं. त्या माणसाने चित्र पाहिलं आणि पोराच्या हातात काही नाही असा निकाल दिला. घरात चित्रकला बंद झाली. पुढे याच हाताने काढलेली मेंदूच्या पेशींची चित्रं शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत छापली गेली. त्या रंगाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही.

पोरगं वाह्यात होतं. अकरा वर्षांचं असताना त्याने लाकडी ओंडका कोरून त्याची तोफ बनवली, दारू ठासली आणि शेजाऱ्याच्या बागेचं फाटक उडवलं. त्याबद्दल गावच्या कोठडीत काही दिवस काढले. वडिलांनी सोडवायची घाई केली नाही. शाळेत मार खाल्ला, नापास झाला. मग वडिलांनी त्याला आधी न्हाव्याकडे आणि नंतर चांभाराकडे कामाला ठेवलं. चांभारकामात म्हणे तो चांगला तयार झाला होता.

१८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांना एक युक्ती सुचली. जुन्या स्मशानाची भिंत ओलांडून बापलेक रात्री आत गेले आणि उघड्यावर पडलेली हाडं गोळा करून घरी आणली. धान्याच्या कोठारात बसून वडिलांनी मुलाला एकेक हाड शिकवलं. मुलाने ती हाडं रेखाटायला घेतली आणि दोघांचं भांडण तिथे मिटलं. शरीररचना म्हणजे चित्रकलाच की! १८७३ मध्ये सारागोसाहून तो डॉक्टर झाला.

लगेच लष्करात भरती. १८७४ मध्ये क्युबात रवानगी झाली. तिथे स्पेनविरुद्ध बंड चाललं होतं आणि सैनिक गोळ्यांपेक्षा तापाने जास्त मरत होते. दलदलीत उभारलेल्या लष्करी दवाखान्यात काहालने रुग्ण पाहिले आणि स्वतःही रुग्ण झाला. मलेरिया, मग हगवण. त्यातच रुग्णांच्या वाट्याचं अन्न पळवणाऱ्या लोकांशी आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्या वरिष्ठांशी भांडणं. सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलेल्या कुणालाही हे प्रकरण वाचताना फार परकं वाटणार नाही. १८७५ मध्ये तो हाडांचा सापळा होऊन मायदेशी परतला. साठलेल्या पगारातून त्याने माद्रिदमध्ये हप्त्यांवर एक मायक्रोस्कोप घेतला. वर्षभराने खोकल्यातून रक्त पडलं. टीबी. तेव्हा औषध नव्हतं. डोंगरातली हवा, विश्रांती आणि नशीब एवढ्यावर भिस्त. तो वाचला. १८७९ मध्ये सिल्वेरिया नावाच्या मुलीशी त्याने लग्न केलं. पैसा नाही, छातीचा आजार आहे, असं म्हणून दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली होती. पुढे सात मुलांचं घर तिने ज्या काटकसरीने चालवलं, त्यावर त्याचं सगळं संशोधन उभं आहे.

१८८४ मध्ये तो व्हॅलेन्सियाला प्राध्यापक म्हणून रुजू झाला. पुढच्याच वर्षी तिथे कॉलऱ्याची साथ आली. हाइमे फेर्रान नावाच्या डॉक्टरने जिवंत जंतूंची लस टोचायला सुरुवात केली होती आणि तिच्यावरून स्पेनभर वाद पेटला होता. (याच वाटेवर पुढे वाल्देमार हाफकिन आला. त्याने १८९३ मध्ये भारतात कॉलऱ्याची लस आणली आणि त्याच्या नावाची संस्था आज मुंबईत परळला उभी आहे.) काहालने जंतूंचा अभ्यास करून आपला अहवाल दिला. लशीबद्दल तो साशंक होता. पण सारागोसाच्या प्रांतिक सरकारने कामावर खूश होऊन त्याला झाईस कंपनीचा उत्तम मायक्रोस्कोप भेट दिला. आता जर्मनीतल्या प्राध्यापकाकडे असेल तसं यंत्र त्याच्या टेबलावर होतं. तो जंतुशास्त्रात गेला असता तर कदाचित अधिक पैसा आणि लवकर नाव मिळालं असतं. तो पेशींकडे वळला, कारण प्रयोगशाळेचा खर्च झेपत नव्हता. संशोधनाच्या इतिहासात असली कारणं फारशी लिहिली जात नाहीत, पण ती असतात.

व्हॅलेन्सियातच त्याला संमोहनाचं वेड लागलं. मित्रांना जमवून घरीच प्रयोग सुरू केले. सूचना देऊन वेदना थांबते, झोप लागते, तात्पुरती विस्मृतीही येते हे त्याने पाहिलं. बातमी पसरली आणि दाराशी रुग्णांची रांग लागली, तेव्हा त्याने दुकान आवरलं. पण बायकोच्या बाळंतपणात संमोहनाने कळा कमी झाल्याचं त्याने १८८९ मध्ये रीतसर छापलं. मेंदूच्या पेशींचं शास्त्र जो माणूस उभं करणार होता, त्याला नुसत्या शब्दांनी मन वाकतं हे आधीच ठाऊक होतं. ही गोष्ट त्याच्या चरित्रात सहसा तळटीपेत टाकतात. मला ती मुख्य मजकुरात घ्यावीशी वाटते.

आता मेंदूकडे येऊ. त्या काळी मेंदूचा काप मायक्रोस्कोपखाली धरला की धाग्यांचा न सुटणारा गुंता दिसायचा. सगळ्या पेशी, सगळे तंतू एकदम रंगायचे. कोणता धागा कुणाचा ते कळायचं नाही. बहुतेक शास्त्रज्ञांचं मत होतं की ही एकसंध जाळी आहे, म्हणजे सगळ्या पेशींचे धागे एकमेकांत विरघळलेले, सुरुवात नाही आणि शेवटही नाही. १८७३ मध्ये इटलीत कॅमिलो गॉल्जी या डॉक्टरने, असाध्य रुग्णांच्या एका छोट्या रुग्णालयात, स्वयंपाकघरातल्या प्रयोगशाळेत एक नवा रंग शोधला होता. मेंदूचा तुकडा पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा. चांदीचा क्षार काही मोजक्या पेशींत साचतो आणि त्या पिवळ्या पार्श्वभूमीवर मुळांपासून शेंड्यापर्यंत काळ्याभोर उठून दिसतात. बाकीच्या शेकडो अदृश्य राहतात. नेमक्या काहीच पेशी का रंगतात, याचं पूर्ण उत्तर अजूनही नाही. पण रंगत नाहीत हेच वरदान ठरलं. सगळं दिसणं थांबलं तेव्हा काहीतरी दिसू लागलं.

ही पद्धत लहरी होती, म्हणून लोकांनी सोडून दिली होती. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमार्रो या डॉक्टरच्या घरी काहालने पॅरिसहून आणलेली तशी स्लाइड पाहिली आणि तो हरखून गेला. त्याच वर्षी त्याची बदली बार्सिलोनाला झाली. तिथे त्याने दोन साध्या सुधारणा केल्या. तुकडा एकदा नव्हे, दोनदा त्या द्रावणांतून काढायचा. आणि पूर्ण वाढलेल्या प्राण्याऐवजी पक्ष्यांची पिल्लं, भ्रूण, नवजात प्राणी यांचे मेंदू घ्यायचे. त्यांत धाग्यांवर चरबीचं वेष्टण अजून चढलेलं नसतं, त्यामुळे चांदी नीट बसते. शिवाय धागे आखूड असतात, एका कापात मावतात. जाणत्या झाडांच्या रानात वाट काढण्यापेक्षा रोपवाटिकेत जाऊन प्रत्येक रोप वेगळं पाहावं, असा हा विचार.

आणि दिसलं. पक्ष्याच्या लहान मेंदूत एका प्रकारच्या पेशीचा धागा दुसऱ्या मोठ्या पेशीभोवती टोपलीसारखा गुंडाळला जातो आणि तिथेच संपतो. आत शिरत नाही, विरघळत नाही. मेंदू म्हणजे जाळी नव्हे, तर एकमेकींना अगदी बिलगून पण वेगवेगळ्या राहणाऱ्या पेशींची वस्ती आहे. १८८८ हे वर्ष त्याने पुढे आपल्या आयुष्यातलं सर्वोत्तम वर्ष मानलं. हे छापायला कोण वाट पाहणार? त्याने स्वतःच्या पैशाने नियतकालिक काढलं, जेमतेम साठेक प्रती छापल्या आणि बहुतेक परदेशी शास्त्रज्ञांना पाठवल्या. त्यासाठी बुद्धिबळाचा क्लब सोडला. सोडण्याआधी, म्हणे, आठवडाभर सगळ्यांना हरवून घेतलं, म्हणजे मनात सल राहायला नको. याच वर्षांत घरात एक लहान मुलगी मेनिंजायटिसने गेली. त्या काळात त्याने केलेल्या कामाचा वेग पाहिला की हा माणूस रात्री कशासाठी मायक्रोस्कोपवर बसत असेल याचा अंदाज येतो.

स्पॅनिश कुणी वाचत नव्हतं. १८८९ च्या शरद ऋतूत तो पदरमोड करून बर्लिनला, जर्मन शरीररचनातज्ज्ञांच्या सभेला गेला. मोडकंतोडकं फ्रेंच बोलत त्याने आपल्या स्लाइड मांडल्या आणि एकेकाला बोलावून दाखवायला सुरुवात केली. अल्बर्ट फॉन केलिकर हा त्या क्षेत्रातला म्हातारा, दबदब्याचा माणूस मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला आणि उठला तो मत बदलूनच. काहालचे लेख वाचता यावेत म्हणून तो उतारवयात स्पॅनिश शिकला असं सांगतात. १८९१ मध्ये जर्मनीच्या वाल्डेयरने या पेशीला 'न्यूरॉन' हे नाव दिलं. काम काहालचं, नाव वाल्डेयरचं. त्याची थोडी खंत काहालला होतीच.

पेशी सुट्या आहेत, हे कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो. मग निरोप जातो कसा, आणि कुठून कुठे? काहालने हजारो पेशींचे आकार जुळवून दाखवलं की निरोप एकाच दिशेने जातो. फांद्यांकडून आत येतो, लांब धाग्यातून बाहेर जातो. ध्यानात घ्या, त्याच्यासमोर होती ती मेलेली, रसायनात कडक झालेली, पातळ कापलेली ऊती. तिच्यात वीज नव्हती, हालचाल नव्हती. नुसत्या आकारावरून त्याने प्रवाह ओळखला, जसा कोरड्या नदीच्या पात्रातल्या वाळूवरून पाणी कुठून कुठे गेलं असेल ते शेतकरी सांगतो.

१८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला क्रूनियन व्याख्यानाला बोलावलं. उतरला होता चार्ल्स शेरिंग्टनच्या घरी. तीन वर्षांनी याच शेरिंग्टनने दोन पेशींच्या भेटीच्या जागेला 'सिनॅप्स' हे नाव दिलं. त्या व्याख्यानात काहालने जी कल्पना मांडली ती आजच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. माणूस वयात आल्यावर नवे न्यूरॉन होत नाहीत असं तेव्हा मानत. मग सराव केल्याने कौशल्य वाढतं ते कशामुळे? त्याचं अनुमान असं की पेशी त्याच राहतात, पण वापराने त्यांच्या फांद्या वाढतात आणि भेटीच्या जागा दाट होतात. पेटीवर बोटं चालवायला शिकणाऱ्याच्या मेंदूत खरोखरची, मोजता येईल अशी वाढ होते. एकसंध जाळीत हे शक्य नव्हतं. मध्ये फट आहे म्हणूनच ती रुंद, अरुंद, घट्ट, सैल होऊ शकते. शिकणं त्या फटीत घडतं.

१९०६ चं नोबेल त्याला आणि गॉल्जीला मिळून दिलं गेलं. वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून देण्याची ही पहिली वेळ. दोघांची भेटही स्टॉकहोमलाच प्रथम झाली. गॉल्जी आधी बोलला. आपल्याच पद्धतीने न्यूरॉन सिद्ध झालेला असताना त्याने सगळं भाषण न्यूरॉन सिद्धांताच्या विरोधात केलं. दुसऱ्या दिवशी काहालने शांतपणे आपले पुरावे मांडले. गॉल्जीला हट्टी म्हणून निकालात काढणं सोपं आहे. पण काही ठिकाणी न्यूरॉन खरोखर एकमेकांना थेट विजेने जोडलेले असतात हे नंतर आढळलं, म्हणजे म्हातारा शंभर टक्के चुकला नव्हता. मुख्य प्रश्नाचा निकाल मात्र काहालच्या बाजूने लागला, आणि तोही त्याच्या मृत्यूनंतर. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने ती फट प्रत्यक्ष दाखवली. ती सुमारे २० नॅनोमीटर रुंद असते. केसाच्या जाडीचे काही हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी.

इथून मन संगणकात उतरवण्याच्या कल्पनेपर्यंत सरळ रस्ता आहे असं वाटतं. आठवणी भेटीच्या जागांत असतील, तर सगळ्या भेटीच्या जागांची नोंद करू. ती नोंद आता सुरूही आहे. १९८६ मध्ये केंब्रिजच्या गटाने एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीच्या ३०२ न्यूरॉनचा संपूर्ण नकाशा छापला. त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला होता. २०२४ मध्ये फळमाशीच्या मेंदूचा नकाशा पूर्ण झाला. न्यूरॉन सुमारे १ लाख ३९ हजार, जोडण्या ५ कोटींच्या घरात. त्याच वर्षी एपिलेप्सीच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूच्या एका तुकड्याची बारीक नोंद प्रसिद्ध झाली. तुकडा एक घन मिलिमीटरचा, तिळाच्या अर्ध्याएवढा. त्यात सुमारे ५७ हजार पेशी, १५ कोटी सिनॅप्स आणि माहिती किती, तर १,४०० टेराबाइट. असे बारा-तेरा लाख तुकडे जोडले की एक मेंदू होतो. एकूण न्यूरॉन सुमारे ८,६०० कोटी. संगणक वाढतील, हे आकडे एक दिवस आटोक्यात येतील असं मी धरून चालतो. अडचण आकड्यांत नाही.

सूत्रकृमीचा नकाशा हाती येऊन चार दशकं होत आली, तरी त्या ३०२ पेशींवरून तो पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे खात्रीने सांगता येत नाही. कारण नकाशात रस्ते असतात, रहदारी नसते. खेकड्याच्या जठराची हालचाल चालवणारं तीसेक न्यूरॉनचं एक केंद्र आहे. त्यातल्या जोडण्या तशाच ठेवून नुसतं भोवतालचं रसायन बदललं की त्याची लय पार बदलते. तारा त्याच, सूर वेगळा. आपल्याकडे थायरॉइड उतरलेली बाई वॉर्डात येते, मंद, उदास, घरच्यांना न ओळखू येण्यासारखी. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत ती हसत परत येते. तिच्या मेंदूच्या नकाशात त्या काळात फारसं काही हललं नसेल. रक्तातलं एक रसायन बदललं. नातेवाइकांच्या दृष्टीने मात्र माणूस गेला होता आणि माणूस परत आला.

गंमत म्हणजे याचा एक धागा काहालकडेच आहे. आतड्याच्या भिंतीत त्याला काही नाजूक, फांद्या असलेल्या पेशी सापडल्या. त्याने त्यांना प्राथमिक अवस्थेतले न्यूरॉन मानलं. आज कळलं आहे की त्या न्यूरॉन नाहीत, पण आतड्याची ठरावीक लय त्याच ठरवतात. त्यांना आजही काहाल पेशी म्हणतात, आणि त्यांच्यातून होणारी जिस्ट नावाची गाठ आमच्या शल्यविशारदांना अधूनमधून भेटते. पोट, हृदय, फुप्फुसं यांच्याकडून मेंदूला क्षणाक्षणाला बातम्या येत असतात. भूक, धडधड, श्वास, ताप हे सगळं वगळून जे उरेल त्याला मन म्हणायचं का, याचं उत्तर संगणकवाले बहुतेक वेळा टाळतात.

आणखी एक. एवढ्या बारकाईने जोडण्या वाचायच्या तर आज तरी एकच मार्ग आहे, काहालचाच. ऊती रसायनात घट्ट करायची आणि कापायची. हल्लीचे काप ३० नॅनोमीटरचे असतात एवढाच फरक. म्हणजे माणूस आधी मरावा लागतो. समजा उद्या न कापता वाचता आलं. मग प्रत तयार झाली तेव्हा मूळ माणूस खुर्चीतच बसलेला असेल. दोघांनाही लहानपणीची शाळा आठवेल, दोघेही मीच तो म्हणतील. पेन्शन कुणाला द्यायची, सातबाऱ्यावर नाव कुणाचं ठेवायचं? आणि खुर्चीतला माणूस पुढे मेला की तो मेलाच. प्रतीला त्याची आठवण येईल, एवढंच. मुलं-नातवंडांना या प्रतीचं समाधान मिळेल, हे मी नाकारत नाही. ते फोटोनेही मिळतं, आवाजाच्या रेकॉर्डिंगने अधिक मिळतं. पण मरणाच्या भीतीने जो पैसे भरतो आहे, त्याला नेमकं काय विकलं जातंय हे कुणीतरी सांगायला हवं.

काहाल स्वतः या दिशेने काही कमी भटकला नाही. १९०५ मध्ये त्याने 'डॉक्टर बॅक्टेरिया' या टोपणनावाने विज्ञानकथांचं पुस्तक छापलं. त्यातल्या एका कथेतला डॉक्टर गावातल्या सगळ्यांना सद्वर्तनी करणारी लस टोचतो. लशीत काहीच नसतं. काम करते ती सूचना. गाव शांत होतं, भांडणं थांबतात, दारूचे गुत्ते ओस पडतात, आणि लवकरच लोक या चांगुलपणाला इतके कंटाळतात की उतारा मागायला येतात. माणसाचं मन बाहेरून दुरुस्त करता येतं का आणि केल्यावर जे उरतं ते कोण, हा प्रश्न त्याने असा हसत हसत मांडला होता. उतारवयात तो स्वतःची स्वप्नं टिपून ठेवत असे. फ्रॉइडचं म्हणणं त्याला पटत नव्हतं आणि त्याला ते आपल्याच स्वप्नांनी खोडून काढायचं होतं. स्वप्नाचा काप मात्र कुठल्याच पात्याने निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार!

त्याच्या ज्या पुस्तकाबद्दल मला सर्वांत आस्था आहे ते मोठ्या ग्रंथांतलं नव्हे. ऐंशीव्या वर्षाच्या आसपास त्याने म्हातारपणावर लिहिलं. कान गेले, झोप गेली, डोकं जड झालं, नावं आठवेनाशी झाली, जुनं लख्ख आणि कालचं पुसट. जो न्यूरॉनचा आकार जगाला शिकवून गेला, तो आपले न्यूरॉन कसे मावळताहेत याची नोंद करत होता, डॉक्टरने रोजचा चार्ट भरावा तशी. कुठे रडगाणं नाही. १९३० मध्ये सिल्वेरिया गेली. तो घराच्या तळमजल्यावरच्या अंधाऱ्या, पुस्तकांनी भरलेल्या खोलीत बसून लिहीत राहिला. त्याचं मज्जातंतूंच्या दुरुस्तीवरचं मोठं काम त्याला एका निराशेवर घेऊन गेलं होतं. प्रौढ मेंदूत तुटलेला रस्ता पुन्हा बांधला जात नाही. पक्षाघाताच्या वॉर्डात रोज सकाळी फेरी मारणाऱ्याला हे वाक्य जड जातं. पण त्यानेच पुढच्यांसाठी ते काम सोडून ठेवलं होतं, आणि फिजिओथेरपीनंतर मेंदूचा शेजारचा भाग गेलेल्या भागाचं थोडंफार काम उचलतो हे आपण आज पाहतो. ते त्याच्या १८९४ च्या अनुमानाशी जुळतं, नंतरच्या निराशेशी नाही.

जाळीवाले अजून संपलेले नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तो सिद्धांत पुन्हा डोकं वर काढत राहिला. १९३३ मध्ये, ८१ वर्षांच्या काहालने अखेरचा प्रबंध छापला. न्यूरॉन की जाळी, याच एका प्रश्नावर, पन्नास वर्षांचे पुरावे एकेक करून मांडलेले. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदमधल्या राहत्या घरी त्याचा मृत्यू झाला. अंथरुणावरही हातात लेखणी होती.

त्याची सुमारे तीन हजार चित्रं आणि हजारो स्लाइड माद्रिदमध्ये जपून ठेवल्या आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने हा संग्रह जागतिक स्मृतिठेव्यात घेतला. त्यातल्या चांगल्या स्लाइड आजही मायक्रोस्कोपखाली ठेवता येतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या पक्ष्याच्या पिल्लाच्या लहान मेंदूतली पेशी, फांदी न फांदी, काळ्या चांदीत तशीच उभी दिसते.